घाट चढताना जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते का? संग्रामपूर ते चिखलदरा : उंची, ऊन आणि टर्बो इंजिनाचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट पट्ट्यात आहे. इथून अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा या मार्गाने चिखलदऱ्याला निघाले की घाट लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हटले तरी राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट चढावाच लागतो. गाडी घाटात दम टाकू लागली की एक सल्ला हमखास मिळतो, "घाटात जायचंय ना, मग प्रीमियम पेट्रोल टाका." दुसरीकडे मोबाइलवर फिरणारे काही व्हिडिओ नेमके उलटे सांगतात. उंचीवर कमी ऑक्टेनही चालते, म्हणून साधेच पेट्रोल भरा, असा त्यांचा दावा असतो.

दोन्ही सल्ल्यांत थोडे थोडे तथ्य आहे. पण कोणता सल्ला कोणत्या गाडीला लागू पडतो, हे सहसा कुणी सांगत नाही. थोडक्यात उत्तर असे : साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ऑक्टेनची गरज उंचीवर घटते. टर्बो इंजिनाला ही सवलत जवळपास मिळत नाही. आणि संग्रामपूरसारख्या गावात इंजिनाला उंचीपेक्षा मे महिन्याचे ऊन जास्त जड जाते.

उंचीवर नेमके काय बदलते?

इंजिन पेट्रोलवर चालते असे म्हटले जाते, पण पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त वजनाची हवा ते ओढून घेते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी मिळाली की पेट्रोलही तेवढेच कमी जाळता येते आणि ताकद घटते.

उंचीवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे तेवढ्याच जागेत कमी हवा मावते. प्रमाणित वातावरणाच्या सूत्राने काढलेले ढोबळ आकडे असे :

- समुद्रसपाटी (मुंबई) : १,०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे १०० टक्के
- संग्रामपूर परिसर (सुमारे ३०० मीटर) : ९७८ हेक्टोपास्कल, साधारण ९६ टक्के
- बुलढाणा शहर (सुमारे ६५० मीटर) : ९३८ हेक्टोपास्कल, साधारण ९२ टक्के
- चिखलदरा (सुमारे १,१०० मीटर) : ८८८ हेक्टोपास्कल, साधारण ८८ टक्के
- लेह (सुमारे ३,५०० मीटर) : ६५८ हेक्टोपास्कल, साधारण ६५ टक्के
- खारदुंग ला (५,३५९ मीटर) : ५१५ हेक्टोपास्कल, साधारण ५१ टक्के

कंपनीच्या कागदावर ८० अश्वशक्ती लिहिलेले साधे इंजिन घ्या. तापमान तेच धरले तर ते संग्रामपुरात ७७ च्या आसपास आणि चिखलदऱ्यात ७० च्या आसपास ताकद देईल. घाटात गाडी मंदावते ती यामुळे. पेट्रोल खराब असते म्हणून नव्हे. हवाच कमी असल्याने महागडे पेट्रोल टाकूनही ही घट भरून निघत नाही.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नाही. दाब आणि उष्णता सहन करत स्वतःहून न पेटण्याची पेट्रोलची क्षमता हा आकडा सांगतो.

इंजिनात पिस्टन हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबतो आणि स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. मग ज्योत एका बाजूने सुरू होऊन शिस्तीत पुढे सरकते. पण दाब किंवा उष्णता फार वाढली, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हे जोरात आणि वारंवार होत राहिले तर पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केटला इजा होते.

हे मोजायची पट्टी १९२० च्या दशकात ठरली. आयसोऑक्टेन या द्रवाला १०० आणि सहज भडकणाऱ्या एन-हेप्टेनला शून्य आकडा दिला गेला. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकाच तग धरणारे पेट्रोल. भारतात हा आकडा आरओएन, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर या पद्धतीने सांगितला जातो.

म्हणून ९१ वर निवांत चालणाऱ्या इंजिनात १०० चे पेट्रोल टाकले तरी ताकद आपोआप वाढत नाही. जिथे नॉकिंग होतच नाही, तिथे ते रोखण्याची जादा क्षमता वापरलीच जात नाही.

मग उंचीवर ऑक्टेनची गरज का घटते?

साध्या इंजिनात हवा बाहेरच्या दाबानेच आत येते. बाहेर दाब कमी असला की सिलिंडरमध्ये सुरुवातीलाच कमी हवा भरते. पिस्टनने तिला कितीही दाबले तरी शेवटचा दाब खालच्या गावापेक्षा कमीच राहतो. दाब कमी म्हणजे नॉकिंगचा धोका कमी.

जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांसाठी ढोबळ नियम असा होता, की दर ३०० मीटर उंचीला ऑक्टेनची गरज साधारण एका आकड्याने उतरते. संगणकावर चालणाऱ्या आजच्या इंजिनांत ही घट बरीच कमी असते. दाब आणि तापमान पाहून ठिणगीची वेळ ते स्वतःच बदलतात आणि उंचीवर मिळालेली सवलत बऱ्याच अंशी वापरून टाकतात.

अमेरिकेत या नियमावर पंपांची रचनाच झाली. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईच्या शिखराइतके (१,६४६ मीटर). त्या डोंगराळ भागात साध्या पेट्रोलवर ८५ आकडा दिसतो, तर बाकी अमेरिकेत ८७. तिथली पट्टी मात्र वेगळी आहे. तिथला ८७ हा आपल्या ९१-९२ च्या आसपास येतो. त्यामुळे "अमेरिकेत ८५ चालते, मग आपल्याकडे ९१ कशाला?" हा समाजमाध्यमांवरचा प्रश्न दोन वेगळ्या मापांची तुलना करतो. शिवाय ८५ ची ती सोय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. आज अनेक वाहन कंपन्या तिथेही किमान ८७ भरायला सांगतात. त्याचे एक मोठे कारण टर्बो आहे.

टर्बोचा जन्मच उंचीशी जोडलेला

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात बरीच ऊर्जा वाया जाते. त्या धुराने एक छोटे चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, ही टर्बोची कल्पना. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी तिचे पेटंट १९०५ मध्ये घेतले.

पहिल्या महायुद्धात विमाने उंच जाऊ लागली आणि विरळ हवेत त्यांची इंजिने धापा टाकू लागली. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सॅनफर्ड मॉस यांनी 'लिबर्टी' हे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेऊन तपासले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन शिखरावर टर्बोविना २३० च्या आसपास घसरले. टर्बो जोडल्यावर ते पुन्हा ३५० च्या वर गेले. उंचीने हिरावलेली हवा टर्बो परत मिळवून देतो, हे तिथे सिद्ध झाले.

आज टाटा नेक्सॉन, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, ह्युंदाई व्हेन्यू, मारुती फ्रॉन्क्स अशा गाड्यांच्या टर्बो पेट्रोल प्रकारांत हेच तत्त्व चालते. घाटात भरल्या गाडीनेही त्या साध्या इंजिनापेक्षा सहज चढतात.

टर्बोला ऑक्टेनची सवलत का नाही?

टर्बो इंजिनाचा संगणक बाहेरचा दाब किती यापेक्षा इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब किती, हे पाहतो. समजा त्याचे लक्ष्य १,८०० हेक्टोपास्कल आहे. मुंबईत त्यासाठी हवा साधारण पावणेदोन पट दाबावी लागते. चिखलदऱ्यात बाहेरची हवा विरळ असल्याने तीच हवा दोन पटींहून थोडी जास्त दाबावी लागते. लेहमध्ये पावणेतीन पटींच्या घरात.

म्हणजे सिलिंडरमधला दाब घाटाच्या माथ्यावरही जवळपास खालच्याइतकाच राहतो. साध्या इंजिनाची ऑक्टेनची गरज ज्या कारणाने घटते, ते कारणच इथे उरत नाही. उलट हवा जितकी जास्त दाबावी तितकी ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक तापते, तसेच हे. तापलेली हवा नॉकिंगला आमंत्रण देते. ती थंड करण्यासाठी इंटरकूलर असतो, पण तोही बाहेरच्या हवेवरच अवलंबून असतो.

टर्बोलाही मर्यादा आहेच. चक्र ठरावीक वेगापलीकडे फिरवता येत नाही. फार उंचीवर संगणक दाबाचे लक्ष्य खाली आणतो आणि टर्बो गाडीचीही ताकद घटते. महाराष्ट्रातील कुठलाच घाटरस्ता एवढ्या उंचीवर जात नाही. हा अनुभव लडाखमध्ये येतो.

घाटात टर्बो गाडीची आणखी एक अडचण जाणवते. वळणावर वेग उतरला की टर्बोला फिरवायला पुरेसा धूर नसतो. तेवढा वेळ ते लहान, साधे इंजिनच असते आणि तेही विरळ हवेत. एक लिटरची टर्बो गाडी तीव्र वळणावर क्षणभर मेल्यासारखी वाटते ती म्हणून. अशा वेळी उपाय गिअर उतरवणे हाच आहे.

संग्रामपूरचा खरा प्रश्न : ऊन

अकोला-बुलढाण्याच्या या सपाट पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हिवाळ्याच्या पहाटे तो १२ अंशांपर्यंत उतरतो. हवा तापली की पसरते आणि विरळ होते. समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेशी तुलना केली, तर संग्रामपुरातील हिवाळ्याच्या पहाटेची हवा तिच्या ९७ टक्क्यांच्या आसपास दाट असते. मे महिन्याच्या दुपारी ती ८७ टक्क्यांवर येते. म्हणजे गाव न सोडताही मे महिन्यात गाडीला चिखलदऱ्याच्या उंचीइतकी विरळ हवा मिळते.

पण उंची आणि ऊन यांत एक महत्त्वाचा फरक आहे. उंचीने हवा विरळ झाली तर साध्या इंजिनात नॉकिंग कमी होते. उन्हाने विरळ झाली तर हवा गरम असल्याने नॉकिंग वाढते. ढोबळमानाने आत शिरणारी हवा १० अंशांनी तापली की ऑक्टेनची गरज साधारण एका आकड्याने चढते. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत तीस अंशांहून जास्त फरक आहे. जुन्या साध्या इंजिनाला संग्रामपूर ते चिखलदरा या ८०० मीटरच्या चढाने दोन-अडीच आकड्यांची सवलत मिळते. त्याहून जास्त गरज एकट्या उन्हाने वाढते.

टर्बो गाडीत हे आणखी ठळक दिसते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आणि दाबाचे लक्ष्य वर सांगितलेले धरले, तर इंटरकूलरआधी हवेचे तापमान साधारण असे येते :

- संग्रामपूर, हिवाळ्याची पहाट (१२ अंश) : ९० अंश
- संग्रामपूर, मेची दुपार (४५ अंश) : १३० अंशांहून थोडे जास्त
- चिखलदरा, उन्हाळ्याची दुपार (३२ अंश धरून) : १३० अंशांच्या आसपास

चिखलदऱ्याची हवा १३ अंशांनी थंड आहे. पण टर्बोला तिथे जास्त दाब द्यावा लागतो, म्हणून तो फायदा जवळपास संपून जातो. माणसांना थंड हवेच्या ठिकाणी आराम मिळतो, टर्बोला तेवढा मिळत नाही.

पावसाळ्यात थोडी सूट मिळते. दमट हवेतील वाफ ज्वलन किंचित मंद करते आणि नॉकिंग थोडे कमी होते.

पंपावर कोणते पेट्रोल मिळते?

पूर्वी साध्या पेट्रोलचा किमान आकडा ८८ होता. बीएस-६ मध्ये तो ९१ आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू आहे. त्यावर इंडियन ऑइलचे एक्सपी९५, भारत पेट्रोलियमचे स्पीड ९७ असे वरच्या आकड्याचे प्रकार आले. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० आणले तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता.

नावात आकडा नसलेले प्रत्येक प्रीमियम पेट्रोल जास्त ऑक्टेनचे असेलच असे नाही. काही प्रकारांत इंजिन साफ ठेवणारी रसायने असतात, ऑक्टेन मात्र साधाच असतो. पैसे देण्याआधी पंपावर आकडा विचारणे बरे.

आता यात ई२० ची भर पडली आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन आकडा १०० च्या वर आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर साध्या पेट्रोलचाच आकडा ९५ पर्यंत जातो. म्हणजे ९१ मागणाऱ्या गाडीसाठी साध्या पंपावरच हाताशी चार आकडे जास्त आहेत. केवळ ऑक्टेनसाठी ९५ चे प्रीमियम घेण्याचे कारण त्यामुळे फारसे उरत नाही. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते जास्त उष्णता शोषून घेते. टर्बो इंजिनाला त्याचाही फायदा होतो.

याची दुसरी बाजूही आहे. त्याच आकारमानात इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे एक लिटर ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी असते आणि मायलेजवर परिणाम होऊ शकतो. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सील ई२० साठी बनवलेले नसतील, तर सर्व्हिसिंगच्या वेळी ते तपासून घ्यावेत.

मग कोणत्या गाडीत काय भरावे?

- साधे इंजिन (बहुतेक हॅचबॅक, १०० ते १२५ सीसी दुचाकी) : साधे पेट्रोल पुरते. घाटात तर आणखीच पुरते.
- टर्बो पेट्रोल : पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेला किमान आकडा पाळावा. ९१ लिहिले असेल तर साधे चालते. ९५ लिहिले असेल तर त्याहून कमी भरू नये. उंचीचे कारण देऊन तर नाहीच.
- संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवलेली टर्बो गाडी : यात दाबाचे लक्ष्यच वाढवलेले असते. कंपनीने ठेवलेली सुरक्षिततेची जागा कमी झालेली असते. मे महिन्यात विदर्भात अशी गाडी साध्या पेट्रोलवर जोरात चालवणे इंजिनाला धोक्याचे आहे.
- डिझेल (बोलेरो, पिकअप, ट्रॅक्टर) : ऑक्टेनचा इथे संबंधच नाही. डिझेल स्वतःहून पेटणेच अपेक्षित असते. त्याला सीटेन हा वेगळा आकडा असतो. टर्बो नसलेले डिझेल इंजिन उंचीवर ताकद गमावते आणि जास्त काळा धूर सोडते.

घाटात इंजिन सांभाळण्यासाठी

- वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये. नॉकिंगचा सर्वांत मोठा धोका इथेच असतो. गिअर उतरवावा आणि इंजिनाला थोडे जास्त फिरू द्यावे.
- खडखड आवाज आला तर ॲक्सिलरेटर लगेच सैल करावा. आधुनिक गाडीत नॉक सेन्सर ठिणगी उशिरा टाकून इंजिन वाचवतो, पण त्यात ताकद आणि मायलेज दोन्ही जाते.
- एअर फिल्टर साफ ठेवावा. धुळीने भरलेला फिल्टर हवेची वाट अडवतो, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने गावातच उंची वाढते.
- इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ, किडे आणि कचरा काढावा. कूलंटची पातळी पाहावी.
- कडक उन्हात, पूर्ण भरलेल्या गाडीने आणि एसी लावून चढण्यापेक्षा सकाळी लवकर निघावे. इंजिनाला प्रीमियम पेट्रोलपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.
- लांब चढ संपल्यावर टर्बो गाडी लगेच बंद न करता थोडा वेळ चालू ठेवावी. तापलेल्या टर्बोतून तेल फिरत राहते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*टाकीत ९१ आणि ९५ मिसळले तर?*
काही बिघडत नाही. निम्मे-निम्मे असेल तर आकडा साधारण ९३ च्या आसपास येतो.

*जास्त ऑक्टेनमुळे साध्या इंजिनाचे नुकसान होते का?*
होत नाही. फक्त पैसे जास्त जातात.

*लडाखला जाताना काय करावे?*
साध्या इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद लेहमध्येच जाते. कोणत्याही पेट्रोलने ती परत येत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या दुचाकीत हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते, म्हणून धूर वाढतो आणि मायलेज पडते. मेकॅनिककडून जेटिंग करून घेतल्याने फरक पडतो. फ्युएल इंजेक्शनची गाडी हे स्वतःच जुळवून घेते.

थोडक्यात

घाटात कमी होते ती हवा, आणि ती पेट्रोल बदलून मिळत नाही. साध्या इंजिनाला उंचीवर ऑक्टेन कमीच लागतो, टर्बोला खाली लागतो तेवढाच वरही लागतो. दोघांनाही जास्त जपावे लागते ते मे महिन्याच्या दुपारी, भरल्या गाडीने चढ चढताना. कोणते पेट्रोल भरायचे याचे उत्तर टाकीच्या झाकणावरच लिहिलेले असते.